डोक्यामागची उशी

बुअज्जाने टॅक्सीतली आपल्या डोक्यामागची उशी काढून ठेवली होती. मागच्या स्पीकरवर पैगंबरांची स्तुतिगीतं लागली की ती आवाजाच्या आड येते म्हणे. मोरोक्कोतल्या मिदेल्त गावच्या टॅक्सीतळावर तीच बुडाखाली घेऊन तो चहा प्यायचा. परवा मागून पिकअप धडकली, मानेला हिसका बसला, गळ्यात पट्टा आला. “अल्लाची मर्जी,” तो म्हणाला. बायको इत्तो कडाडली, “अल्लाने मान दिली, कारखान्याने उशी दिली, तुम्ही तिच्यावर बसलात! मग मर्जी कोणाची?” तो नमाजाला बसला. नमाजाच्या शेवटी उजवीकडे सलाम करायला मान वळेना. डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात त्याच्याऐवजी टॅक्सी चालवायला लेक बतूल निघाली. “थांब, पोरी!” बुअज्जाने उशी बसवून तिच्या डोक्याइतकी वर ओढली. “आणि गाणी, बाबा?” “आवाज वाढव.” इत्तोने कपाळाला हात लावला, “म्हणजे आवाज वाढवता येत होता तर!”