मुकी गुहा

"ही गुहासुद्धा नको," लाझारने नकाशावरून बोट उचललं.

"अरे, इथं टाळी वाजवली तर चारदा परत येते म्हणे!" दोब्रिंका म्हणाली.

"म्हणूनच नको."

तिने उरलेली बानित्सा, चीज भरलेली खारी पोळी, कागदात गुंडाळली आणि ती गाडीत बसली. ही सफर तिनेच काढली होती. फेब्रुवारीत नेडाला, त्या दोघांच्या एकुलत्या लेकीला, माती दिली. तेव्हापासून लाझार, गावच्या चर्चचा गवई, गायला नव्हता. रडलाही नव्हता. जेवत होता, गाडी चालवत होता, विचारलं तर उत्तर देत होता. बस. घुमणाऱ्या गुहेत उभा राहिला तर गळा आपोआप मोकळा होईल, या आशेने तिने चौकशी करकरून गुहा निवडल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी तो बाहेर बाकावर बसून राहिला.

लोवेच गावाच्या पुढे एका गुहेपाशी त्याने स्वतःच गाडी थांबवली.

"इथं काय बघणार, काका?" गुहेचा किल्लीवाला हसला. "नुसता चिखल. बोललेलंही चिखलात मुरतं."

"चालेल."

आत गार, ठेंगणा अंधार होता. लाझारने टोपी काढली आणि सांजप्रार्थनेची पहिली ओळ धरली. आवाज गंजला होता. ओळ संपली, तो थांबला. परत काहीच आलं नाही. एका ओळीइतका वेळ गेल्यावर त्याने तिसरी म्हटली. पुन्हा थांबला.

"मधली का सोडतोस?" दोब्रिंकाने हळूच विचारलं.

"ती डाव्या बाजूची. चर्चमध्ये माझ्या डावीकडे उभी राहून नेडा म्हणायची." त्याचा स्वर सपाट होता. "घुमणाऱ्या गुहेत मी गाईन आणि डावीकडून आवाज येईल. मला वाटेल, तीच म्हणतेय. मग बाहेर कसा येऊ मी, सांग?"

चर्चमध्ये दोब्रिंकाने जन्मभर मेणबत्त्या लावल्या होत्या; गायली कधीच नव्हती. चपला चिखलात रुतवत ती त्याच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली आणि कापऱ्या, फाटक्या आवाजात तिने चौथी ओळ म्हटली.

"किती बेसूर गातेस गं," लाझार म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.