चिन्याची सुई

सरपंच दादासोंनी ठराव वाचून दाखवला. गावातले माजी सैनिक सयाजी घाडगे लोकांच्या अंगात सुया टोचून चिनी इलाज करतात. शत्रूची विद्या औंधच्या शिवेत चालू देणं हा शहिदांचा अपमान आहे. सबब आजपासून बंदी.

चावडीत पन्नासेक माणसं होती. सयाजी भिंतीला टेकून उभा होता. बासष्टच्या लढाईनंतर सात महिने तो चिन्यांच्या कैदेत होता. पाय गोठून पडला होता, तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या वैद्यानं सुया टोचून त्याला उभं केलं, आणि पुढं हात धरून थोडं शिकवलंही. त्याला आता दहा वर्षं उलटून गेली होती.

"तुला काय सांगायचं हाय?" दादासोंनी विचारलं.

"मला तिथं दोन मानसं भेटली," सयाजी म्हणाला. "एक बंदुकीच्या दस्त्यानं हानायचा. एक सुई टोचायचा. मी दुसऱ्याकडनं शिकलो."

मागं कुणीतरी हसलं. दादासो हसले नाहीत.

"आरं, रंगुबाईच्या पुसल्या कुकवाची तरी चाड धर. तिचा मालक चिन्यांनी मारला. तिच्या डोळ्यांम्होरं तू त्यांचीच विद्या चालवतूस?"

बायका दाराशी बसल्या होत्या. त्यांच्यातून रंगुबाई उठली. उजवा हात तिनं पोटाशी धरला होता. दोन महिने तो छातीच्या वर जात नव्हता. केससुद्धा शेजारीण विंचरून द्यायची. पुरुषांमधून वाट काढत ती चावडीच्या मधोमध आली.

"सरपंच, माझं नाव घ्यायच्या आदी मला इच्यारलं व्हतं का?"

ती तिथंच खाली बसली.

"सयाजीभावजी, काढा सुई."

सयाजी जागचा हलला नाही. "वैनी, ही चिन्याचीच विद्या हाय. तुमास्नी फसवून टोचनार न्हाई मी."

"ठावं हाय. दर सव्वीस जानेवारीला ह्ये मला खुर्चीत बसवत्यात, शाल देत्यात. हात उचलंना झाला तवा एक जन दारात आला न्हाई." तिनं श्वास घेतला. "चिन्यांनी माझा धनी नेला. मग त्यांचं येवढं तरी मी का सोडू?"

सयाजीनं खिशातली डबी काढली, स्पिरिटच्या बोळ्यानं सुई पुसली आणि तिच्या पायाशी बसला.

"खांद्याची सुई पायात घालाय लागती."

तिनं लुगड्याचा काठ नडगीवर ओढला. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी माना वळवल्या. सुई आत गेली.

"मुंग्या आल्या?"

"आल्या."

"आता हात वर न्या. दुखंल. थांबू नगा."

हात छातीपर्यंत गेला, अडला, आणि बोटभर पुढं सरकला. तिथं पुन्हा अडला. रंगुबाईनं ओठ दाबून तो खाली आणला आणि पुन्हा वर न्यायला लागली.

दादासोंनी कागद गोळा केले. ठरावाखाली अजून एकही सही नव्हती. "सभा संपली," ते म्हणाले आणि उठले.

"किती येळ लागंल वो?" रंगुबाईनं सयाजीला विचारलं.

"वीस मिंटं."

"मग वीस मिंटं कुनी उठायचं न्हाई. माझ्या नावानं सभा भरवली न्हवं? बसा."

आवाज तिनं चढवला नव्हता. उठू लागलेली माणसं होती तशीच थांबली आणि दादासोंकडं बघायला लागली. दादासोंनी दाराकडं पाहिलं. दारात बायका बसल्या होत्या; एकीनंही पाय आखडून वाट दिली नाही. मग ते खाली बसले.

थोड्या वेळानं त्या बायकांतून म्हातारी रहिमतबी भिंत धरत उठली. गुडघे सुजलेले होते. एकेक पाऊल टाकत ती मधोमध आली, रंगुबाईच्या मागं बसली आणि पाय लांब केले.

"माझं मागनं हू दे," ती दादासोंकडं बघत म्हणाली. "मला घाई न्हाई."