चाळीस लाल ताटं

वजन एकोणचाळीस किलो. सात महिन्यांपूर्वी पन्नास.

चौदा पानी अहवाल, मुखपृष्ठावर सूर्योदयाचं चित्र.

सुपाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलेलं, टवके उडालेलं एक लाल ताट.

कोठीतलं दोरीने बांधलेलं खोकं. वर लिहिलेलं, ‘उद्घाटनाआधी उघडू नये’. खाली सही.

बारा नंबरची खाट. चादर नुकतीच बदललेली.

सही वृद्धाश्रमाच्या अधीक्षिकांची होती, आणि त्या आता या खाटेपाशी उभ्या होत्या. आवरायला आल्या होत्या, पण आवरायला होतं काय? एक चष्मा, एक लाल शाईचं पेन. काल सकाळपर्यंत ही खाट हेडबाईंची होती. विस्मरणाने त्यांची नातवंडं पुसून टाकली होती, पण मुख्याध्यापिकेचा दरारा शाबूत होता. डॉक्टरांच्या कागदावरसुद्धा त्या लाल शाईने ‘अक्षर सुधारा’ असं लिहायच्या.

आठ महिन्यांपूर्वी अधीक्षिका एका परिषदेला गेल्या होत्या. जेवणानंतर अर्धी सभा डुलक्या काढत असताना एका वक्त्या बाईंनी पडद्यावर दोन ताटं दाखवली. पांढऱ्या ताटात भात, आणि लाल ताटात तेवढाच भात. विस्मरण झालेल्या कित्येकांना पांढऱ्या ताटातला पांढरा भात वेगळा दिसतच नाही, असं त्या सांगत होत्या. लाल ताटातला दिसतो, मग माणूस जेवतो. अधीक्षिका डुलक्या काढणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी ते वहीत टिपून खाली दोन रेघा मारल्या.

परत आल्यावरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. अहवाल लिहिला. सगळ्या कर्मचाऱ्यांना बसवून तीच चित्रं दाखवली, टाळ्या घेतल्या. चाळीस ताटांची मागणी केली. लाल की डाळिंबी, यावर समितीने दोन बैठका खर्ची घातल्या. शेवटी ताटं आली, तर पहिलं ताट अध्यक्षांना स्वतःच्या हाताने वाढायचं होतं, आणि त्यांना काही केल्या तारीख सापडेना. एकदा अधीक्षिका कात्री घेऊन कोठीपर्यंत गेल्या होत्या. एवढे महिने थांबलो, आणखी पंधरा दिवसांनी काय बिघडतंय, असं म्हणून माघारी आल्या.

आणि हेडबाई जेवत नव्हत्या. दात नसलेल्यांना दुपारी मऊ भात आणि दही मिळायचं, पांढऱ्या चिनी मातीच्या ताटात. हेडबाई ताटाकडे बघायच्या, मग वाढणाऱ्याकडे, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहायच्या. त्यांची लेक फोनवर हसून म्हणाली होती की आईने कुणाच्या हातचं मुकाट्याने खाल्लंय कधी. डॉक्टरांनी ‘जेवणास नकार’ असं लिहिलं. अधीक्षिकांनी स्वतः चमचा हातात घेऊन लहान मुलासारखं चुचकारलं, तेव्हा हेडबाईंनी अपमान झाल्यासारखं तोंड फिरवलं. मग साधा ताप आला. झुंजायला अंगात काही उरलंच नव्हतं.

“सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या,” म्हणत स्वयंपाकाच्या मावशी जेवण खाटेपाशीच घेऊन आल्या. पांढरी ताटं सगळी धुवायला पडली होती, म्हणून हाताशी होतं त्यात वाढून आणलं होतं. लाल ताटात भाताचा ढीग. शीत न् शीत दिसत होतं.

ते ताट कुणाचं, असं अधीक्षिकांनी विचारलं.

“माझंच की. सतरा वर्षं पातेल्यावर झाकतेय.” मावशी बोलता बोलता थांबल्या. त्याही त्या दिवशी चित्रं बघायला बसल्या होत्या. ताट त्यांनी हळूच खाटेवर ठेवलं. “एकच हवं होतं ना, बाई? तुम्ही तेव्हा चाळीस म्हणालात.”

हेडबाई राहायला आल्या तेव्हा परिषद होऊन तीन आठवडे झाले होते. पहिल्या दुपारी ताट पुढे आलं, तशा त्या म्हणाल्या होत्या, “अहो, रिकामं ताट काय ठेवता? वाढा की.” अधीक्षिका शेजारीच उभ्या होत्या. मावशींनी टोमणा समजून भाताचा आणखी एक डाव वाढला होता.