वरच्या मजल्याचं पाणी

प्लंबर लडकूने शॉवरची जाळी काढून उजेडात धरली. एकही भोक बुजलेलं नव्हतं. जाळी काढल्यावरही पाण्याची दोऱ्याएवढीच धार येत होती.

"ताई, ही जाळी मीच बदलली दिवाळीत. त्याच्या आधी गरम-थंडचा नळ बदलला. दोनी येळेला पानी मस्त आलेलं."

"तू जाईपर्यंत," सुकन्या म्हणाली. "दुसऱ्या दिवशी परत हेच."

"मग काय मी जाताना पानी पिशवीत भरून नेतो काय?"

ती हसली नाही. आईचं तेरावं झाल्यापासून ती खालच्या मोरीतून बादल्या वर आणत होती. आणि तेव्हापासूनच बाळारामदादा जेवताना रोज एकच सांगत होता : वरच्या मजल्याला प्रेशर मिळणार नाही, तू कल्याणला फ्लॅट घे, तिथे चोवीस तास पाणी. जायच्या आधी हक्कसोडपत्रावर सही कर, म्हणजे घर आणि गोदामांच्या रस्त्याला लागलेली जमीन एका नावावर राहील.

आधी दोन्ही वेळा लडकूला दादानेच फोन करून बोलावलं होतं. आज सुकन्याने बोलावलं. दादा धामणकर नाक्याला गेला होता आणि त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"टाकी बघू," लडकू म्हणाला.

गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली होती. तिच्यातून दोन लाइनी निघत होत्या, एक खालच्या मजल्याला, एक वरच्या. दोन्हींवर एकेक व्हॉल्व. खालच्या लाइनीच्या व्हॉल्वचं चाक गंजलं होतं, त्याच्यावर कोळ्याचं जाळं होतं. वरच्या लाइनीच्या चाकावर ना गंज होता, ना जाळं.

लडकूने ते फिरवलं. एक वेढा, दोन, तीन, चार. सुकन्याच्या मोरीत पाणी फरशीवर आपटल्याचा आवाज गच्चीवर ऐकू आला.

"बिघाड न्हाय ताई. हा जवळपास बंद करून ठेवलाय कोनीतरी. मी येनार म्हनलं की उघडायचा, मी गेलो की..."  लडकू पान्हा पुसत राहिला.

सुकन्या खाली वाकली. चाकाच्या कडेला अंगठ्याचा केशरी ठसा होता. दादा रोज पूजा आटोपून कपाळाला अष्टगंध लावायचा आणि तांब्या घेऊन सूर्याला पाणी द्यायला इथेच यायचा.

"चार महिने," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "चार महिने मी जिन्यावरून बादल्या वाहिल्या. हा रोज समोर बसून जेवला. वर मला विचारायचा, कंबर दुखते का म्हणून."

लडकू पिशवी आवरायला लागला.

"चाक काढून दे."

"ताई, मग बंद कसं करनार?"

"काढ म्हणते ना!"

लडकूने नट सोडवून चाक तिच्या हातात दिलं.

ती खाली आली तेव्हा दादा परत आला होता. टेबलावर हक्कसोडपत्र पसरलेलं होतं. सही करायच्या जागी त्याने पेन्सिलने फुल्या मारून ठेवल्या होत्या. पंख्याच्या वाऱ्याने पानं फडफडत होती आणि तो ती तळहाताने दाबून धरत होता.

"बाहेर लडकूची गाडी दिसली," तो म्हणाला. "कशाला बोलावलंस त्याला? वरती प्रेशर येणार न्हाय, किती वेळा सांगू तुला?"

माडीवर शॉवर सुरूच होता. पाण्याचा आवाज खालच्या खोलीभर ऐकू येत होता. दादाने छताकडे पाहिलं.

सुकन्याने चाक टेबलावर आपटलं. पेन्सिलीच्या फुल्यांवर.

"राहू दे इथंच," ती म्हणाली. "कागद उडतायत तुझे."

चाक उचलायला दादाचा हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. त्याच्या अंगठ्यावर सकाळचं अष्टगंध अजून होतं.