पिवळं कार्ड

“डॉक्टर, तुमीनं आमाले फसवलं.”

फागू टेबलापुढं उभा होता. आश्रमशाळेच्या व्हरांड्यात सिकलसेल तपासणीची रांग लागली होती. डॉक्टरांनी मान वर केली नाही.

“पोरीचं नाव?”

“डिंपल. पण आधी मोठीचं आयका.” फागूनं मागं उभ्या खुशबूकडं बोट केलं. “आठ वर्षं झाले. याच व्हरांड्यात हिले पिवळं कार्ड देल्लं. म्हणलं, बिमारी नाही, नुसती रक्तात हाये. लपवू नोका, जिथं जाल तिथं कार्ड पुढं ठेवा. म्हणलं का नाही?”

“बरोबरच सांगितलं.”

“नर्स झाली थे. आखातात नोकरी लागली. गोंदियाच्या एजंटच्या हापिसात विम्याचा फॉर्म भरून राहिली होती, तं मीनंच कार्ड काढून टेबलावर ठेवलं.”

हापिसातला माणूस आधी हसला होता. मग म्हणाला होता, “चाचा, दिखाने को किसने बोला था?” कंपनीनं विमा नाकारला. विमा नाही म्हणून व्हिसा नाही. तिच्या जागी दुसरी गेली. त्या दिवसापासून खुशबूनं बापाशी बोलणं टाकलं.

“ती वाहक आहे, पेशंट नाही,” डॉक्टर म्हणाले. “कंपनीला कळत नसेल तर मी काय करू?”

“मंग कंपनीले लिहून द्या ना.”

“ते आमच्याकडं येत नाही. रांग अडवू नका.”

सिस्टरनं डिंपलचा हात ओढून बोटावर कापूस फिरवला. पोरगी चौदाची. दोन महिने तिचे सांधे ठणकत होते, डोळे पिवळे पडले होते. काल शाळेच्या पायऱ्या ती बसून बसून चढली. काय आहे ते घरात कोणी बोललं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं.

सुई निघाली तशी खुशबू पुढं झाली. तिनं बहिणीचा पंजा आपल्या मुठीत गच्च दाबला.

“सुई लावू नोका.”

आता डॉक्टरांनी वर पाहिलं. “नर्स ना तू? हिचे डोळे बघ. निदान झालं तर गोळ्या सुरू होतील. नाही तर मरेल ही.”

“मरल,” खुशबू म्हणाली. “अन् तपासलं तं जगल. इथंच, चिचगडात. माह्यासारखी.”

“दीदी, सोड ना. दुखून राहिलं,” डिंपल कळवळली.

खुशबूनं सोडलं नाही. रांगेतल्या एका बापानं आपल्या पोराला हळूच मागं ओढलं.

फागू वाकला. मोठीच्या मुठीतलं एकेक बोट उलगडू लागला. नखं त्याच्या हातात रुतली, तरी थांबला नाही. डिंपलचं बोट मोकळं झालं, तसं ते त्यानं सिस्टरपुढं धरलं आणि डॉक्टरांकडं पाहिलं.

“टोचा. पण उद्या कार्ड लपवून खोटं बोलाले हिले कोण शिकवल? तुमी, का मी? सांगा.”