डाव्या अंगाची खुंटी

पंजाबराव पाटलांनी बंडीच्या खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली आणि शालिग्राम सुताराच्या पुढ्यात सोडली. आत मोटारीच्या चाकातली दोन बेरिंगं होती. खामगावच्या कुणा कापसाच्या जिनवाल्यानं आपली मोटार मोडीत काढली होती, तिच्यातली पाटलांनी मिनतवाऱ्या करून मिळवलेली. पाटलांनी एक कडं बोटावर घेऊन फिरवलं. ते फिरतच राहिलं, आणि पाटील लहान पोरासारखे त्याच्याकडे बघत राहिले.

वडनेरचा बैलांचा पट तोंडावर आला होता. बैलजोडी तयार होती. शर्यतीच्या छकड्यात यंदा काय सुधारायचं, तेवढंच ठरायचं होतं. चाकाच्या तुंब्यात, मधल्या गड्ड्यात, ही बेरिंगं बसवायची, की बैठकीची फळी आणखी रंधून हलकी करायची? पाटलांचं म्हणणं, दोन्ही करायचं.

शालिग्राम छकड्याभोवती एकदा फिरला. छकडा कसला, नुसता सांगाडा उरला होता. चाकांचे आरे त्यानंच तासून काडीवर आणले होते, बाजूचे दांडे त्यानंच काढले होते. बैठकीच्या कडेला छकडा हाकणाऱ्या धुरकऱ्यानं एका हातानं धरायची खुंटी होती, तीही गेल्या साली पाटलांच्या हुकमावरून त्यानंच कापली. पावशेराचीही नव्हती ती. मग सरावाला म्हणून पाटलांचा धाकटा भाऊ उत्तम छकड्यावर बसला आणि शेतातल्या बाभळीपाशी उडून चाकाखाली येऊन गेला. हाताशी धरायला काही नव्हतं.

तेव्हापासून खुंटीचं नाव कुणी काढलं नव्हतं. शालिग्रामनं ती टाकूनही दिली नव्हती. झोपडीच्या आढ्याला खोचून ठेवली होती. जेवायला बसलं की नजर तिकडेच जायची आणि घास तोंडात फिरायचा.

यंदाचा धुरकरी होता किसन. मोताळ्याकडचा गडी, अंगाची हळद अजून उतरायची होती. पाटलांनी त्याला आधी जोडी पळवून दाखवायला सांगितली. बैल सुटले ते सुसाट सुटले. बाभळीपाशी मात्र त्यांनी माना खाली घातल्या, पाय ओढत पुढे गेले, आणि बाभूळ मागे पडल्यावर पुन्हा पळाले. परत आला तेव्हा किसनचा चेहरा उतरला होता.

"बैलाची काही खोट नाही, पाटील," तो म्हणाला. "पण बाभळीपाशी छकडा जड होते. कोनी मांगून येऊन बसल्यावानी."

पाटील भडकले. चाक जाम होतं म्हणून बैल अडतात, म्हणूनच तर बेरिंग आणलंय, असं त्यांनी दोघांनाही सुनावलं. किसनला भित्रा ठरवलं. मग शालिग्रामला रंधा घ्यायला सांगितलं.

शालिग्रामनं रंधा घेतला नाही. आजवर पाटलांपुढे त्याची जीभ कधी रेटली नव्हती. पण किसन समोर उभा होता, आणि आणखी एक मेलेला माणूस त्याला आढ्याला खोचून ठेवायचा नव्हता.

"काढाले आता काही उरलं नाही, पाटील," तो म्हणाला. "लावाचीच असंल तं खुंटी लावतो."

पाटील खालच्या आवाजात म्हणाले, "वजन वाढते."

एवढं बोलून त्यांनी किसनच्या हातातला कासरा ओढून घेतला आणि स्वतःच छकड्यावर चढले. भाऊ गेल्यापासून त्या फळीवर ते बसले नव्हते.

बैल उधळले. धुरळ्यात पाटलांचं पागोटं तेवढं दिसत होतं. बाभूळ आली आणि बैल मंदावले, मंदावत मंदावत उभेच राहिले. शालिग्रामला वाटलं, आता पाटील चाबूक ओढणार. त्यांनी चाबूक उचलला नाही. मान खाली घालून ते नुसते बसून राहिले. मग हळूच फळीवर उजवीकडे सरकले.

त्याबरोबर बैल आपणहून चालू लागले.

पाटील परत आले ते चालीनंच, जराही धूळ न उडवता. सबंध वाट ते उजव्या कडेला अंग चोरून बसले होते. फळीचा डावा भाग मोकळा होता. बैल धरायला किसन पुढे झाला आणि सवयीनं त्या मोकळ्या जागी टेकायला गेला. पाटलांनी हात आडवा घातला.

शालिग्राम तोवर झोपडीतून खुंटी घेऊन आला होता. पाटलांनी ती ओळखली. हातात घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि त्याला परत दिली. पुरचुंडीतली बेरिंगं मातीत तशीच पडली होती. त्यांच्याकडे पाटलांनी बघितलंही नाही.

"लाव," ते म्हणाले. "आधी होती तिथंच, उजव्या अंगाले. अन् अशीच दुसरी घडव. थे डाव्या अंगाले लाव."

शालिग्राम गोंधळला. पटाच्या छकड्यावर माणूस एकच, त्याला दोन खुंट्या कशाला? धुरकऱ्याला एकच पुरते, असं त्यानं चाचरत सांगितलं.

पाटील अजून छकड्यावरून उतरले नव्हते. त्यांनी शेजारच्या मोकळ्या फळीवर तळहात ठेवला.

"डाव्या अंगाले उत्तम बसला हाये," ते म्हणाले.