बोट भरली

ओबान बंदराच्या धक्क्यावर आमचं बोटीच्या सहलींचं छोटं ऑफिस आहे. आठ दिवस बेटांवर उतरायचं, डोंगर चढायचे, पफिन पक्षी आणि सील बघायचे. सत्तरी ओलांडलेल्या मर्डो आणि एफी या जोडप्याने जूनच्या फेरीत दोन जागा ठेवायला सांगितल्या होत्या.

सोमवारी सकाळी मर्डोचा फोन आला. "पोरी, एफीचे गुडघे गेलेत. होडीतून ओल्या खडकावर उतरणं तिला जमायचं नाही. पण माझ्यासाठी ती हट्टाने येणार. तू आपली सांग, बोट भरली म्हणून."

दुपारी मी लेकीला पाजत होते, तर एफीचा फोन. "अगं, आमच्या म्हाताऱ्याला घरचा जिना चढताना धाप लागते. पण माझ्या हौशीपायी तो डोंगरही चढायला निघालाय. बोट भरली म्हण. मी सांगितलं हे मात्र बोलू नकोस."

मी दोघांनाही बोट भरल्याचं कळवलं.




दुसऱ्या दिवशी दोघं हातात हात घालून आले, आणि एकमेकांचा हिरमोड नको म्हणून पुढच्या वर्षीच्या जूनच्या दोन जागा पक्क्या करून, माझ्याकडे न बघता निघून गेले.